मोशेचे दिवसभर बसणे
(निर्गम, अध्याय 18)

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून लोकांचा न्याय करीत असे. काम देवाचेच होते. तरी सासरा इथ्रो याने त्याला स्पष्ट बजावले की, अशाने तू झिजून जाशील आणि हे लोकही. मोशेने ते ऐकले. (जावई सहसा ऐकत नाहीत!)

बंधुभगिनींनो, हजीऱ्याजवळची जियाजीराव कापड गिरणी चालू होती तोवर इकडचा कामगार दिवसभर उभा असे. गिरणी कधीच बंद पडली. आता आपण फायलींपुढे, संगणकापुढे बसतो. मान आखडते, पाठ धरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांना आठवड्याला निदान 150 मिनिटे भरभर चालण्याइतकी हालचाल सांगितली आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. तानसेनाच्या समाधीपर्यंत पायी जाऊन यावे.

पण इथ्रोचा उपाय चालण्याचा नव्हता, काम वाटून देण्याचा होता: हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक. आपण काय करतो? दिवसभर कचेरीत हिशेब लिहिणाऱ्यालाच रात्री मंडळीचा हिशेब लिहायला बसवतो, आणि त्याची प्रकृती बिघडली की त्याच्यासाठी प्रार्थना मागतो. प्रार्थना अवश्य करू. पण या महिन्यापासून ती वही दुसऱ्या कोणीतरी घरी न्यावी.