कलप आणि क्रोम

माणसाचं वय केसांवरून कळतं आणि मोटारीचं बंपरवरून. दोन्हींवर उपाय आहेत आणि दोन्हींवर शेजाऱ्यांचं लक्ष असतं.

प्रीमियर पद्मिनीचंच घ्या. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडायची तेव्हा बंपर असा लखलखीत, की त्यात बघून दाढी करावी! तिचं उत्पादन बंद होऊन वीसहून अधिक वर्षं झाली. मुंबईतली तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तरी एखाद्या सोसायटीच्या आवारात ती ताडपत्रीखाली तग धरून असते, आणि रविवारी सकाळी एखादे गृहस्थ बनियनवर तिच्यापाशी उकिडवे बसलेले दिसतात.

काम घरच्या घरी होतं. क्रोमवर गंजाचे ठिपके आले, की पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद चुरगळायचा, पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हातानं घासायचं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे गंज जातो आणि चरे पडत नाहीत. मुलामाच उडाला असेल तर मात्र घासणं व्यर्थ; तो परत चढवूनच आणावा लागतो. नंतरच्या गाड्यांचं काळं प्लॅस्टिक उन्हानं पांढुरकं पडतं. त्याला खोबरेल चोळणारेही आहेत. चार दिवस तुकतुकी, पाचव्या दिवशी गल्लीतली सगळी धूळ तिथं मुक्कामाला!

आता प्रश्न असा, की ही निगा म्हणायची की बनवाबनवी? भिक्षू नागसेनानं मिलिंद राजाला विचारलं होतं, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला. त्या हिशेबानं बंपर म्हणजेही मोटार नव्हे. मग तो घासून आपण नक्की काय उजळतो? मोटार, की तिच्याविषयी दुसऱ्याचं मत?

आमच्या परिचयातल्या अण्णांनी गाडी विकायला काढली. बाजूच्या पट्टीमागे पाणी साचतं आणि क्लिपांच्या भोकांपासून पत्रा कुजत जातो. अण्णांनी पट्टी सोडवली, तर खाली बोट जाईल एवढं भोक. चिरंजीव म्हणाले, ''बाबा, लांबी भरा, पट्टी लावा, वर पॉलिश मारा. कोण बघतंय?''

''अरे, मी बघितलंय ना!'' अण्णा म्हणाले.

गिऱ्हाइकाला त्यांनी भोक दाखवलं. त्यानं किंमत चांगलीच पाडली आणि म्हणाला, ''बाकी गाडी आता तपासत नाही.'' चिरंजीव आठवडाभर बोलले नाहीत. अण्णांचा तोटा खराच होता. पेन्शनीत तो भरून निघणारा नव्हता.

चकाकीला माझा विरोध नाही. म्हाताऱ्या गाडीला पुसणं यात मायाच असते. पण पट्टीखाली न बघता घासणारा भाबडा आणि बघून झाकणारा लबाड. आधी बघावं, विचारणाऱ्याला दाखवावं, मग खुशाल घासावं.

हा नियम केसांच्या कलपालाही लावावा का, यावर आमच्या घरी अद्याप एकमत झालेलं नाही.