हात आवरत नाहीं म्हणजे काय?

नाताळांत करंज्यांचा डबा उघडला कीं पुष्कळ जण म्हणतात, "काय करावें, हात आवरत नाहीं!" परंतु घरधनीण आंत येतांच तोच हात कसा आवरतो? दारुड्यास आपण मंडळींत दटावतों, गोडखाऊस हंसून सोडतों. बिशप ऑगस्टीन ह्यांनीं इ. स. ४०० च्या सुमारास आपल्या आत्मनिवेदनांत लिहिलें आहे कीं, मद्यपान आपणांपासून दूर आहे, पण अतिभोजन कधीं कधीं नकळत गांठतें. भूक कोठें संपली व चैन कोठें सुरू झाली हें स्पष्ट कळत नाहीं, आणि मनाला हेंच आवडतें. त्याआड लपतां येतें. करंजींत पाप नाहीं. खोबरें व साखर हीं देवाचींच दानें. पण डब्यांतील शेवटची करंजी शेतावरून उशिरां परतणाऱ्या गड्याच्या वांट्याची आहे, हें खाणारास ठाऊक असतें.