परवान्याच्या रांगेतला नेमबाज

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्याची दुरुस्ती संसदेत आली तेव्हा देशभरातले नेमबाज अस्वस्थ झाले होते. तोवर एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता येत. मूळ विधेयकाने हा आकडा थेट एकवर आणला होता. विरोध झाला आणि तडजोड होऊन दोन बंदुकांचा कायदा झाला. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, गृह मंत्रालयाने अधिसूचना काढून खेळाडूंसाठी वेगळी वाट करून दिली. आंतरराष्ट्रीय पदकविजेते आणि नामांकित नेमबाज यांना प्रकारांच्या संख्येनुसार बारापर्यंत शस्त्रे बाळगता येतील. कनिष्ठ आणि उदयोन्मुख नेमबाजांना एकाऐवजी दोन मिळतील. सरावासाठी .२२ च्या काडतुसांची मर्यादा एक हजारावरून पाच हजारांवर गेली. वाद तिथे मिटला असे सर्व जण धरून चालले.

माझ्या मते तो वाद चुकीच्या जागी मिटला. बंदुका किती, या प्रश्नाला उत्तर मिळाले. पहिली बंदूक कुणाला, कुणी तपासून आणि किती दिवसांत, हा प्रश्न पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांत होता तसाच राहिला. बारा शस्त्रांची सवलत ज्याला लागते तो नेमबाज आधीच पोहोचलेला असतो. कायद्याच्या कडकपणाचा खरा भार जो अजून कुठेच पोहोचलेला नाही त्याच्यावर पडतो.

या खेळाची चढण कशी आहे ते पाहिले की हे लक्षात येते. दहा मीटरच्या एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही. नळीचा व्यास .१७७ इंचाच्या आत आणि छर्ऱ्याची ऊर्जा वीस ज्यूलच्या आत असली की झाले. म्हणून तालुक्याच्या शाळेत एखाद्या हौशी क्रीडाशिक्षकाने मनावर घेतले तर सभागृहाच्या भिंतीला पाट्या लावून खेळ सुरू होऊ शकतो. पुढची पायरी पन्नास मीटरची, .२२ रायफलची, आणि तिथे काडतूस येते. काडतूस आले की १९५९ चा कायदा आणि २०१६ चे नियम येतात. कायद्याचे तेरावे कलम मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला सरावासाठी .२२ रायफलचा परवाना देण्याची तरतूद करते. कागदावर हे सोपे आहे. पण क्लब कुठे आहे? सवलतीच्या वर्गात बसण्यासाठी स्पर्धेतले गुण लागतात, गुणांसाठी सराव लागतो आणि सरावासाठी रायफल लागते. शहरातल्या मुलाला हे वर्तुळ क्लबच्या रायफलवर ओलांडता येते. शिरूरमधल्या न्हावऱ्याच्या किंवा दौंडमधल्या पाटसच्या मुलाने ते कुठून ओलांडायचे?

पुणे जिल्ह्यात नेमबाजीची सोय नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभ्या राहिलेल्या बालेवाडीच्या श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुलात चांगली रेंज आहे. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावे महाराष्ट्रानेच देशाला दिली. पण बालेवाडी पुण्याच्या पश्चिम टोकाला आहे, शिरूर नगर रस्त्यावर ईशान्येला आणि दौंड सोलापूरच्या लोहमार्गावर पूर्वेला. शाळा करून रोज बालेवाडी गाठणे या दोन्ही ठिकाणच्या मुलांना शक्य नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक जिंकला, तेव्हा त्याच्या वडिलांनी काडतुसांसाठी काढलेल्या कर्जाच्या बातम्या सगळीकडे छापून आल्या. त्या गोष्टीत एक बाब कमी बोलली गेली. स्वप्नील घडला तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत. खेड्यातल्या मुलाच्या हाती रायफल आली ती सरकारी संस्थेच्या छपराखाली, संस्थेच्या जबाबदारीवर. या लेखात मला जे म्हणायचे आहे त्याचा निम्मा भाग या एका उदाहरणात आहे.

आता दुसरी बाजू. परवान्याच्या फाइलवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहिले तर त्याचा संशय अगदीच अनाठायी वाटत नाही. शिरूर-दौंडचा पट्टा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत फार बदलला. रांजणगावची औद्योगिक वसाहत आली, जमिनींचे भाव चढले, ठेकेदारी आली, भीमा आणि घोड नद्यांच्या पात्रांतून वाळूचा पैसा आला. या पैशाबरोबर कमरेला पिस्तूल लावण्याची हौसही आली. अर्जात ‘स्वसंरक्षणार्थ’ लिहिलेले असते. प्रत्यक्षात अनेकदा ते लग्नाच्या मांडवात आणि प्रचाराच्या गाडीत दाखवण्यासाठी हवे असते. जुलै २०२५ मध्ये दौंड तालुक्यात चौफुल्याजवळच्या एका कला केंद्रात गोळीबार झाला आणि त्यावर बरेच राजकारण रंगले. आनंदाच्या भरात गोळी झाडणे हा २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा केला आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम लिहिणाऱ्यांना उत्तरेतली लग्ने दिसत असतील, पण आपल्या तमाशाच्या बाऱ्याही त्यातून सुटणार नाहीत. बीडमध्ये डिसेंबर २०२४ च्या सरपंच हत्येनंतर उघड झाले की एका जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्र परवाने वाटले गेले होते. त्याच वर्षी मुळशीत शेतकऱ्यांपुढे पिस्तूल नाचवणाऱ्या बाईंची चित्रफीत साऱ्या राज्याने पाहिली, आणि ते पिस्तूल परवान्याचे होते.

म्हणून नेमबाज मंडळींचे आवडते वाक्य, ‘परवान्याच्या बंदुकीने गुन्हे होत नाहीत’, मला जसेच्या तसे मान्य करता येत नाही. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. गुन्ह्यांतली बरीच हत्यारे बेकायदा असतात हे खरे. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात, आपल्या जळगावच्या सीमेलगत असलेल्या उमरटीतून गावठी पिस्तुले येतात म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी थेट तिथे जाऊन भट्ट्या मोडल्या. १६ जानेवारी २०१८ रोजी दौंड शहरात तिघांना गोळ्या घालून मारणारा तर राखीव दलातलाच पोलीस होता. या दोन्ही ठिकाणी परवाना कितीही कडक केला असता तरी फरक पडला नसता. पण मुळशी आणि बीड विसरून युक्तिवाद केला की ऐकणारा आपल्याला लबाड समजतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

त्याहून अवघड गोष्ट नेमबाजांच्या स्वतःच्या घरातली आहे. एप्रिल २०१७ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मेरठमध्ये एका राष्ट्रीय पातळीवरच्या नेमबाजाच्या घरावर छापा घातला. तिथे शस्त्रांचा आणि काडतुसांचा साठा मिळाला, शिवाय वन्यप्राण्यांची कातडी, शिंगे आणि मांसही. खेळाडूची सवलत ही मागच्या दाराची चावी होऊ शकते, हे त्या छाप्याने दाखवले. अशा एका माणसामुळे हजार प्रामाणिक मुलांच्या फाइली जाड होतात. असे असूनही दर दुरुस्तीच्या वेळी संघटनांचा जोर ‘आम्हाला वगळा’ यावरच असतो. आमच्यात शिरलेल्यांना बाहेर काढण्याची पद्धत आम्ही अशी ठेवली आहे, असे त्यांनी पुढे येऊन सांगितल्याचे फारसे दिसत नाही.

ब्रिटनमधल्या नेमबाजांना याची किंमत मोजावी लागली. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावच्या शाळेत एका माणसाने सोळा मुलांना आणि त्यांच्या शिक्षिकेला ठार मारले. त्याची पिस्तुले परवान्याची होती आणि गन क्लबांत त्याची ऊठबस होती. पाच वर्षे आधी एका पोलीस अधिकाऱ्याने त्याच्याबद्दल लेखी धोक्याची सूचना वरिष्ठांकडे दिली होती. ती कागदातच राहिली. १९९७ मध्ये ग्रेट ब्रिटनमध्ये जवळपास सर्व छोट्या पिस्तुलांवर बंदी आली. ऑलिंपिक दर्जाच्या पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावे लागू लागले, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी सरकारला खास सवलत द्यावी लागली. शोकाकुल देशापुढे ‘आमचा काय दोष’ हे वाक्य टिकले नाही, आणि टिकायला हवे होते असेही मला वाटत नाही. छाननी कच्ची राहिली की बंदी सरसकट येते, आणि तिच्यात पहिला बळी प्रामाणिक खेळाडूचा जातो.

सरसकट कारवाईची छोटी आवृत्ती आपल्याकडे प्रत्येक निवडणुकीत दिसते. २०२४ मध्ये बारामती मतदारसंघात, म्हणजे दौंडला, ७ मे रोजी मतदान झाले आणि शिरूरला १३ मे रोजी; नोव्हेंबरात पुन्हा विधानसभा. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करायची. २००९ मध्ये गोव्यातल्या एका याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सरसकट जमा करण्याला आक्षेप घेतला, छाननी समितीने प्रकरण पाहून ठरवावे असे सांगितले, आणि निवडणूक आयोगाने राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्पर्धक सदस्यांना सूट दिली. सूट आहे, पण ती सिद्ध करण्याचे ओझे खेळाडूवर आहे. ज्याच्याकडे पदक आहे त्याला ठाण्यातला हवालदार ओळखतो. जो पहिल्या राज्य स्पर्धेची तयारी करतो आहे त्याची रायफल दोन-अडीच महिने मुद्देमालाच्या खोलीत पडून राहते, आणि मोसम हातचा जातो.

शिरूरच्या बाबतीत आणखी एक धागा वेगळा करायला हवा, कारण सध्या तोच जास्त गुंतलेला आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याने तीन माणसे मारली, त्यांतली दोन लहान मुले. लोक महामार्गावर उतरले. वन खात्याने बाहेरून नेमबाज बोलावले, भुलीचा प्रयत्न साधला नाही, आणि बिबट्याला गोळी घालावी लागली. उसाच्या फडात पाणी धरायला रात्री जाणाऱ्या माणसाची भीती मला कळते, आणि ‘आम्हालाच बंदुका द्या’ ही मागणी अशा वेळी उठणे साहजिक आहे. तेरावे कलम पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय ठेवतेच. पण रानडुकरासाठी किंवा स्वतःच्या जिवासाठी मागितलेली बंदूक आणि पन्नास मीटरवरच्या कागदासाठी मागितलेली रायफल ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. खेळाचे दार त्या मागणीसाठी उघडले तर दोन वर्षांत ते दोघांसाठीही बंद होईल. (.२२ ने बिबट्या अडवायला निघालेला माणूस बिबट्यापेक्षा स्वतःसाठीच जास्त धोकादायक, हे जाता जाता.)

मग करायचे काय? मला वाटते, नवशिक्याची .२२ रायफल घरी नसावी. ती रेंजवर असावी, क्लबच्या किंवा सरकारी संस्थेच्या नावावर, कुलपात, नोंदवहीत. दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत आणि शेजारी नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे शस्त्र सांभाळणारी, गोळीबार शिकवणारी, काडतुसांचा हिशेब रोज लिहिणारी माणसे पगारावर आहेत. आठवड्यातले तीन दिवस, शाळा सुटल्यावर दोन तास, निवडक मुलांसाठी तिथे पन्नास मीटरच्या चार लेन काढून देणे गृह आणि क्रीडा खात्यांनी ठरवले तर कठीण नाही. मुलगा राज्य पातळीचे गुण मिळवील तेव्हा त्याला स्वतःचा परवाना मागू द्या. अधिकाऱ्यापुढे तेव्हा त्याच्या दोन वर्षांच्या हजेरीची वही असेल, आणि चारित्र्य पडताळणीच्या छापील दाखल्यापेक्षा ती वही खूप जास्त सांगते.

अनुभवी नेमबाज यावर म्हणतील की रायफल अंगाला बसवलेली असते आणि घरी रोज ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे काडतुसाविना सराव, केल्याशिवाय पोझिशन पक्की होत नाही. आक्षेप खरा आहे. पण .२२ टार्गेट रायफलचा बोल्ट मिनिटाभरात निघतो. बोल्ट आणि काडतुसे रेंजच्या तिजोरीत, उरलेली रायफल घरी, अशी अट परवान्यातच घालता येईल. बोल्टशिवाय ट्रिगर ओढण्याचा सराव अपुरा वाटत असेल तर तेवढ्यापुरती एअर रायफल आहेच. नामांकितांना ही अट नको असेल तर नसावी. त्यांनी ती सवलत कमावलेली आहे.

याच्या बदल्यात सरकारकडून एक गोष्ट हक्काने मागावी, ती म्हणजे मुदत. २०१६ च्या नियमांनी पोलीस अहवालाला आणि निर्णयाला मुदती घालून दिल्या आहेत; त्या पाळल्या गेल्या नाहीत तर कारण लेखी कळवावे. ग्रामीण भागाचे परवाने जिल्हाधिकारी कार्यालयातून निघतात, तेव्हा खेळाडूंच्या अर्जांची यादी वेगळी ठेवून ती दर तिमाहीला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यासमोर वाचली जावी. संघटनांनी दाखले देताना दाखला देणाऱ्याचे नाव आणि सही जबाबदारीसह नोंदवावी, आणि दाखल्यावर मिळालेले शस्त्र वर्षभरात एकाही स्पर्धेत दिसले नाही तर ते स्वतःहून कळवावे. यातले शेवटचे काम संघटनांना आवडणार नाही हे मला माहीत आहे. पण बारा शस्त्रांची सवलत मागायला त्या दिल्लीपर्यंत गेल्या होत्या. या कामासाठी तर त्यांना पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयापलीकडे जावे लागणार नाही.