धीमी लोकल

कल्याण स्टेशनच्या पुलावरून सकाळी उतरणाऱ्या प्रत्येकाच्या सॅकमध्ये डब्याबरोबर एखादी जिद्द असते. कुणाला खात्याची परीक्षा द्यायचीय, कुणाला स्वतःचं घर हवंय. याच कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी आनंदीबाई जोशी जन्मल्या. बोटीने अमेरिकेला गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, अवघ्या एकविसाव्या वर्षी गेल्या. केवढी धमक!

पण नुसत्या जिद्दीवर दिवस सरत नाही. घामाघूम गर्दीत कुणीतरी सरकून चौथी सीट देतं, मुंब्र्याजवळ खाडीचा वारा तोंडावर येतो, हेही लागतंच. त्यासाठी थोडं लवकर निघून मुद्दाम धीमी लोकल पकडणारी माणसं मला फार आवडतात. जमलं तर आज तुम्हीही पकडा.