दारावर जायचं राहिलं

2020ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, 26 एप्रिलला आली, ऐन कोरोनाच्या टाळेबंदीत. खान्देशातल्या लेकी माहेरी येऊ शकल्या नाहीत, निंबाला झोके बांधले गेले नाहीत. मे महिन्यात धुळे-शिरपूरवरून, मुंबई-आग्रा महामार्गाने मजूर पायी निघाले, तेव्हा अनोळखी लोकांनी त्यांना भाकरी-पाणी दिलं. आणि शेजारी पॉझिटिव्ह निघाला, की गल्लीतली दारं धडाधड लागायची. दोन्ही आपणच! अंत्यविधीला 20 माणसांची मर्यादा. दारावर जाणं, म्हणजे दुःखातल्या घरी सांत्वनाला जाणं, तर राहूनच गेलं, ते फोनवर उरकलं. तेव्हा नाइलाज होता. आता निर्बंध नाहीत, तरी फोनवर भागवायची खोड टिकली, ती मला खटकते. येत्या आखाजीला पितरांची घागर भरून झाली, की तेव्हा राहिलेल्या एखाद्या दारावर जाऊन या.