सविकल्प समाधी आणि दुसऱ्याचे अश्रू

शोकातून आनंद कसा, हा काव्यशास्त्राचा जुना प्रश्न. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे संमेलनात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडून त्याचे एक उत्तर दिले: रसिक पात्राशी तादात्म्य पावतो, पण स्वत्वाचे भान सोडीत नाही. या उत्तरामागे एक गृहीत आहे. रंगमंचावर रडणाऱ्याला खरोखर काही झालेले नसते. रिअ‍ॅलिटी शो हे गृहीतच काढून घेतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘बिग बॉस मराठी’तील अश्रू पात्राचे की माणसाचे, हे प्रेक्षकाला ठाऊक नसते, त्याची चोरटी गोडी या संदिग्धतेतच आहे. स्पर्धक स्वेच्छेने आला आहे, एवढे समाधान मात्र उरते.

भीमाशंकरच्या परिसरातील माळीणच्या बाबतीत तेही नव्हते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील हे आदिवासी गाव दरडीखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बाहेर कळले. पुढे कित्येक दिवस चिखल उपसण्याचे दृश्य घरोघर दिसत राहिले. ढिगाऱ्यातून आई आणि तान्हे मूल जिवंत निघाले, त्याचा आनंद निर्मळ होता, हे मान्य. परंतु तसेच आणखी काही घडेल म्हणून पडद्यापुढे घालविलेल्या तासांचे काय? ती उत्कंठा कथेची होती. भट्टनायकाच्या साधारणीकरणात व्यक्तीचे विशेष गळून पडतात. नाट्यात ती रसाची अट. चिखलात आपली माणसे शोधणाऱ्याचे विशेष गाळण्याचा अधिकार मात्र प्रेक्षकाला कोणत्याही रससिद्धान्ताने दिलेला नाही.