शोभा कोणाच्या डोळ्यांसाठी?

रविवारी पहाटे चेन्नईच्या ईस्ट कोस्ट रोडवर सायकल चालविण्याचा माझा परिपाठ आहे. परवा सूर्योदयी समुद्रकाठी तिचे छायाचित्र घ्यावयाचे म्हणून दिवा व मडगार्ड आदल्या रात्रीच काढून ठेविले. अंगात काळी जर्सी. वाटेत अंधारात एक लॉरी हातभर अंतरावर येऊन थांबली. छायाचित्र मात्र देखणे आले, हे कबूल केले पाहिजे!

१९४९ साली अंबत्तूरला स्थापन झालेल्या कारखान्याच्या साध्या सायकलींना मडगार्ड असे, साखळीवर झाकण असे. ईशान्य मोसमी पावसात त्यांचे मोल कळते; मला त्या कधी कुरूप वाटल्या नाहीत. शोभा पाहणाऱ्यासाठी असते म्हणावे, तर लॉरीवालाही पाहणाराच. आता भडक पिवळी जर्सी आणली आहे. छायाचित्रात ती डोळ्यांना खुपते. मन अद्याप पुरते राजी नाही.